वॉर्डातला जावई

७ एप्रिल, सोमवार

ही डायरी अझरने दिली. टायर कंपनीची आहे, प्रत्येक पानाच्या तळाशी एक टायर छापलाय. "दवाखान्याची कटकट जेवताना आमच्यावर काढतेस, त्यापेक्षा यात लिहीत जा. टायर ऐकून घेतात," म्हणाला. इफ्रा हसून हसून पडली. नवरा आणि मुलगी एका बाजूला झाले की घरात माझं काही चालत नाही.

तर कटकट. आमच्या नवजात कक्षात आज नवं यंत्र आलं. ट्रस्टने चाचणीसाठी मागवलंय. मला विचारलं होतं, पण आधी मागवून मग विचारलं.

कंपनीचा इंजिनिअर इंद्रजीत पुण्याहून आला होता. मी सोलापुरात अठरा वर्षं हेच काम करतेय. तरी त्याने मला पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं की दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला ऑक्सिजन कमी पडला तर मेंदूला धोका, जास्त झाला तर डोळ्यांना. डोळ्यामागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अजून पुऱ्या झालेल्या नसतात, जादा ऑक्सिजनने त्या वेड्यावाकड्या वाढतात. "बरोबर ना, मॅडम?" मी म्हटलं, बरोबर, पुढे? पुढे असं की पायाला गुंडाळलेला प्रोब रक्तातला ऑक्सिजन मोजतो. तो आकडा नव्वद ते पंचाण्णवमध्ये ठेवायचा. आजवर सिस्टर त्यासाठी बटण फिरवत बसायच्या, आता यंत्र स्वतःच कमीजास्त करणार.

"तुम्हाला हात लावायची गरजच नाही," म्हणाला.

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मी विचारलं, लाइट गेली तर? बॅटरी आहे. प्रोब सुटला तर? यंत्र आहे तिथे थांबतं आणि ओरडतं. प्रोबच चुकीचं सांगत असेल तर?

"मॅडम, प्रोब चुकीचं कशाला सांगेल?"

१० एप्रिल, गुरुवार

काल दुधनीहून एक बाई आली. दानेश्वरी, पहिलटकरीण, सातव्या महिन्यातच कळा. मुलगी झाली, अकराशे ग्रॅम. रडली, पण दमून दमून. नाकाला नळ्या लावून काचेच्या पेटीत ठेवली. वॉर्डात सगळ्यात लहान तीच, म्हणून यंत्रही तिलाच जोडलं.

बाहेर दानेश्वरीची सासू बसलेली. गौरम्मा. मांडीवर कडक भाकरीची पिशवी, बोलणं अर्धं कन्नड. मी बाहेर आले तशी उठून उभी राहिली.

"बाई, कूसू जगतंय न्हवं?"

कूसू म्हणजे बाळ. अक्कलकोटच्या बाजूची माणसं इतकी येतात की आता मला कळतं. म्हटलं, सगळे प्रयत्न चाललेत.

"आनि डोळं? आमच्या गल्लीत असंच लौकर झालेलं पोरगं हाय. आईला आवाजावरनं वळखतंय."

मी सांगितलं, डोळे सांभाळायलाच ते यंत्र आणलंय. तीन-चार आठवड्यांनी डोळ्यांचे डॉक्टर तपासतील तेव्हा नक्की कळेल. ती यंत्राकडे काचेतून बराच वेळ बघत होती. इंद्रजीतनेसुद्धा त्याच्याकडे इतक्या मायेने पाहिलं नव्हतं.

१३ एप्रिल, रविवार

यंत्र ओरडतं. बाळाने पाय हलवला की ओरडतं, सिस्टर पेटीशी वाकली की ओरडतं, एसी बंद पडून वॉर्ड तापला की ओरडतं. बाहेर बेचाळीस डिग्री आहे, एसीचा माणूस 'निघालोय' म्हणून दोन दिवस निघतोच आहे.

प्रतिक्षा सिस्टर वॉर्डाच्या इन्चार्ज. तिने यंत्राचं नाव जावई ठेवलंय. "बघा ना मॅडम, स्वतंत्र प्लग द्या, गार हवा द्या, रुसलं की सगळ्यांनी पळा." आता सगळे तेच म्हणतात. मीही आज राउंडला चुकून म्हणाले, "जावयाचा आकडा किती?"

काम मात्र बरं करतंय. आकडा नव्वद-पंचाण्णवच्या बाहेर फारसा जात नाही. सवयीने माझा हात बटणाकडे गेला, तर पडद्यावर आलं, 'खात्री आहे का?' अठरा वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं.

१६ एप्रिल, बुधवार

आज माझा ताबा सुटला असं प्रतिक्षाचं म्हणणं. सुटला नव्हता.

राउंडला गेले तर बाळाच्या गालावर हरभऱ्याएवढी तीट! कातडी कागदासारखी आहे त्या मुलीची, आणि त्यावर घरी धरलेलं काजळ. एरंडेलाच्या दिव्याची काजळी, त्यात पुन्हा एरंडेल.

"हे कोणी लावलं?"

दानेश्वरी दूध काढून वाटीत घेऊन उभी होती. तिने खाली पाहिलं. "नजर लागू नये म्हनून, मॅडम..."

"या वॉर्डात नजर लागत नाही, जंतू लागतात. आणि डोळ्याजवळ परत हे दिसलं तर तुलाही आत सोडणार नाही. त्या वायरीलाही धक्का लावायचा नाही. कळलं?"

प्रतिक्षा हळूच म्हणाली, "मॅडम, ओली बाळंतीण आहे. जरा आवाज..."

मी हळूच बोलत होते. बाहेरून वॉचमन आत डोकावला तो दुसऱ्याच कशासाठी तरी.

संध्याकाळी दारावर बोर्ड लावून घेतला, लाल अक्षरांत: 'बाळाच्या चेहऱ्यास व डोळ्यांस काजळ लावू नये.' दानेश्वरीने तो सासूला वाचून दाखवला. गौरम्माने मान डोलावली. स्पष्ट लिहिलं की माणसं ऐकतात.

१९ एप्रिल, शनिवार

आजपासून दुपारी बाळाला आईच्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. उघड्या अंगाला उघडं अंग, वरून चादर, नळ्या, वायर सगळं तसंच. दानेश्वरी श्वास घ्यायलाही भीत होती. मग अर्ध्या तासाने दोघी झोपल्या. जावयाने स्वतःहून ऑक्सिजन चोवीस टक्क्यांवर आणला. साध्या हवेत एकवीस असतो, म्हणजे नावालाच उरला.

मी तीनदा जाऊन बघून आले. सगळं नीट होतं. तिसऱ्यांदा प्रतिक्षाने खुर्चीच दिली.

२२ एप्रिल, मंगळवार

काहीतरी बिघडलंय.

सकाळी राउंडला यंत्राचा आलेख पाहिला. काल संध्याकाळपासून ऑक्सिजन चढत चढत अडतीसवर गेलेला, आणि पहाटे परत खाली. परवाही तसंच. दिवसा बाळ छान, गुलाबी, मी तिच्या हाताला दुसरा प्रोब लावून पाहिला तर दोन्ही आकडे जुळले. मग संध्याकाळी हिला होतं काय?

प्रतिक्षाला विचारलं, प्रोब नीट लावता ना? पाय बदलता ना? (एकाच पायाला ठेवला तर कातडी दुखावते, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाय बदलतात.) "बदलतो ना, मॅडम," म्हणाली. मग "मॅडम, एक..." असं काहीतरी सुरू केलं. मी म्हटलं, प्रतिक्षा, सबबी नकोत, मला कारण हवंय. ती "बरं" म्हणाली आणि सलाइन बघायला गेली. कारण नसेल तर माणसाने बोलायला सुरुवात तरी का करावी?

२३ एप्रिल, बुधवार

इंद्रजीतला फोन केला. त्याने पुण्यात बसून इथले आकडे पाहिले.

"मॅडम, संध्याकाळी सिग्नल क्षीण दिसतोय. यंत्राला आकडा कमी मिळतोय, म्हणून ते ऑक्सिजन वाढवतंय. प्रोब नीट लावतात ना?"

"माझ्या सिस्टर तुमची कंपनी जन्मायच्या आधीपासून प्रोब लावतायत."

"तसं नाही मॅडम..."

"सिग्नल क्षीण असेल तर यंत्राने थांबायला नको?"

"पूर्ण गेला तर थांबतं. क्षीण असेल तर चालू राहतं."

म्हणजे यंत्राला पूर्ण आंधळं झालेलं कळतं, अंधूक दिसतंय हे कळत नाही. मी त्याला हे ऐकवलं. तो म्हणाला, "छान पॉइंट आहे, मॅडम, पुढच्या व्हर्जनला घेतो." पुढच्या व्हर्जनला!

घरी आले तर इफ्राची स्कूटी दारात, ती क्लासला रिक्षाने गेलेली. सात रस्त्याच्या गर्दीत तिला फोन करून विचारायची माझी सवय आहे, पोचलीस का, हेल्मेट घातलंस का. आज जेवताना म्हणाली, "अम्मी, तुम बी अपने को ऑटो पे डालो ना." अझर खाली मान घालून आमटी ओरपत होता. हसत होता, खांदे हलत होते.

२५ एप्रिल, शुक्रवार

काल पुन्हा चाळीस. आता उगाच वाट बघण्यात अर्थ नाही. पुढच्या शनिवारी डोळ्यांची तपासणी आहे आणि ही मुलगी रोज रात्रभर जादा ऑक्सिजन घेतेय.

कारण मला सापडलंय. दुपारी आईच्या छातीशी ठेवलं की संध्याकाळी चढतं. शनिवारी सुरू केलं, रविवारी चढलं. बाळ हाताळणीने दमतंय. आईजवळ ठेवणं आजपासून बंद.

प्रतिक्षा म्हणाली, "मॅडम, आईजवळ बाळ दमत नाही. तुम्हीच आम्हाला शिकवलंय."

"आकडे दिसतायत ना?"

"आकडे दिसतायत, पण..."

"पण काय?"

"काही नाही, मॅडम."

दानेश्वरीला मीच सांगितलं. तिने पदराचं टोक तोंडात घातलं. माझ्याकडे बघितलं नाही, बाळाच्या पायांकडे बघत होती. गौरम्मा कन्नडमध्ये बरंच काही म्हणाली. ते मला कळलं नाही, आणि कोणी मराठीत सांगितलंही नाही.

२७ एप्रिल, रविवार

स्कूटीचा डावा आरसा तुटलाय आणि बाजूला चांगलाच ओरखडा आहे. अझर म्हणाला, पार्किंगमध्ये कोणीतरी धक्का दिला असेल. सोलापुरात गाड्या लावायची शिस्तच नाही. इफ्राच्या कोपराला पट्टी आहे, बॅडमिंटन खेळताना पडली म्हणे.

२८ एप्रिल, सोमवार

माझं बरोबर होतं. परवापासून संध्याकाळचा चढ कमी कमी होत आज आलेख सपाट आहे. तेवीस, चोवीस, तेवीस. मी तो प्रतिक्षाला दाखवला. "हं," म्हणाली. इंद्रजीतलाही फोन करून सांगितलं की प्रश्न तुमच्या यंत्राचा नव्हता, सिस्टरांचाही नव्हता, हाताळणीचा होता. तो म्हणाला, "पण मॅडम, मग सिग्नल का क्षीण होत होता?" या पोरांना बरोबर उत्तर दिलं तरी पुढचा प्रश्न असतोच.

२९ एप्रिल, मंगळवार

ओपीडी भरलेली. बाहेर आरडाओरडा झाला, आणि नंबर न घेता गौरम्मा सरळ माझ्या टेबलाशी आली. कंपाउंडर मागून "आजी, ओ आजी" करतोय.

तिने कमरेची पिशवी सोडली, त्यातून एक पितळी डबी काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"सुनंला आत सोडंनासा. बरं. तुमचं शास्तर तुमाला ठावं. मग आता तुमीच लावा की."

"काय लावू?"

"तीट. चार दीस झालं, कूसू उगडं हाय. येवडी मानसं येत्यात-जात्यात. मला रातीला डोळ्याला डोळा न्हाय."

"गौरम्मा, तीट लावायची नाही असं मी बोर्डवर..."

"वाचलाय की! तोंडाला नगं, डोळ्याला नगं. न्हाईच लावली. दानेश्वरी तळपायाला लावत हुती."

मी पेन खाली ठेवलं. "कुठल्या पायाला?"

"ज्या पायाला वायर नसंल त्या. वायरीला हात लावू नगा म्हनलासा न्हवं? आमी काय येडं हाय व्हय?"

सगळं माझंच ऐकून. चेहरा सोडून, डोळे सोडून, वायर सोडून. दुपारी छातीशी असताना चादरीखाली मोकळ्या तळपायाला काजळ, वर मोजा. आणि संध्याकाळी पाय बदलायची वेळ झाली की प्रोब त्याच काजळावर.

ओपीडी तशीच सोडून वॉर्डात गेले. मोजा काढला. तळव्याच्या वळ्यांत अजून पुसट काळं होतं. मी डबी उघडली, स्वतःच्या बोटाला काजळ फासलं आणि त्यावर प्रोब लावला. अठ्ठ्याण्णवचा आकडा शहाऐंशी झाला. मी तिथे धडधाकट उभी, आणि यंत्राच्या मते मला ऑक्सिजनची गरज होती. प्रोबमधला उजेड कातडीतून पार जायला हवा, तो काजळीत अडत होता.

म्हणजे त्या सगळ्या संध्याकाळी मुलीला काहीच झालेलं नव्हतं. आणि जावई तिला सकाळपर्यंत ऑक्सिजन पाजत बसला होता.

प्रतिक्षा शेजारी उभी होती. "तुला माहीत होतं?"

"काजळ लावतात ते माहीत होतं, मॅडम. प्रोब लावताना मी ओल्या कापसाने पुसायचे. एरंडेलाचं काजळ, पूर्ण निघत नाही. पायाला आहे, काय होतंय, असं वाटलं. आकड्याशी त्याचा संबंध असेल असं माझ्या खरंच डोक्यात आलं नाही."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओला कापूस घेऊन बाळाचा तळवा पुसायला लागली.

नंतर डबा खायला गेले तर सगळ्या सिस्टर काहीतरी बोलत होत्या, मी आत पाऊल टाकलं तशा गप्प. नेहमीचंच आहे. या मुलींना गप्प बसायची खोडच आहे.

३० एप्रिल, बुधवार

बाळ परत आईच्या छातीशी. संध्याकाळी ऑक्सिजन तेवीस.

बोर्ड बदलायला घेतला: 'बाळाच्या चेहऱ्यास, डोळ्यांस, कपाळास, कानामागे, तळहातास व तळपायास काजळ लावू नये.' प्रतिक्षा म्हणाली, "मॅडम, पाठ राहिली."

मग म्हणाली, "त्यापेक्षा असं लिहू का? 'बाळाला काहीही लावायचं असेल तर आधी आम्हाला सांगा. कोणी रागावणार नाही.'"

मी म्हटलं, रागावतंय कोण?

तिने पेन घेतलं आणि तिचंच लिहिलं.

३ मे, शनिवार

नेत्रतज्ज्ञ डॉ. धम्मदीप आले. बाळाच्या पापण्या चिमट्याने उघड्या ठेवून भिंग लावून पाहतात. मी शेकडो वेळा पाहिलंय हे. आज भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी होते.

"वाहिन्या कडेपर्यंत पोचायच्यात अजून. टोकाला बारीक रेघ दिसतेय. पहिली पायरी. बहुतेक वेळा आपोआप जाते. पंधरा दिवसांनी बघू. वाढली तर लेझर."

"ऑक्सिजनमुळे?"

"इतक्या लहान बाळांत तसंही होतं, समरा. कशामुळे ते मी सांगू शकत नाही. तूही सांगू शकणार नाहीस."

बाहेर दोघी उभ्या होत्या. मी सांगितलं, थोडं आहे, बहुतेक जाईल, परत तपासू. दानेश्वरीचा चेहरा पांढरा पडला.

गौरम्माने सरळ विचारलं, "काजळानं झालं?"

मी तोंड उघडलं. दानेश्वरी माझ्याकडे बघत होती, गेल्या आठवड्यात बाळाच्या पायांकडे बघत होती तशी.

"यंत्राला काजळ ओळखता आलं नाही," मी म्हटलं. "चूक यंत्राची."

तसं पाहिलं तर हे खरंच आहे.

गौरम्माने विचार केला. "मग त्येलाच नजर लागली आसंल. नवंकोरं हाय, येनारा-जानारा त्येच्याकडंच बगतंय. त्येला कोन लावतंय तीट?"

मी ओपीडीला गेले.

९ मे, शुक्रवार

लिहिण्यासारखं काही नाही. एसी दुरुस्त झाला. मुलगी साध्या हवेवर आहे. मी तिच्या डोळ्यांसमोर बोट फिरवून बघते, तिची नजर बोटामागे फिरते का ते. इतक्या लहान बाळाकडून तशी अपेक्षा नसते, हे मला माहीत आहे. तरी रोज बघते.

१७ मे, शनिवार

रेघ गेली. दोन्ही डोळ्यांत. वाहिन्या कडेकडे सरकल्यात. डॉ. धम्मदीपनी भिंग पुसत सांगितलं, "आता पुढच्या महिन्यात दाखवा, नुसतं खात्रीला." मी "ठीक" म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. उकाडा फार आहे.

दानेश्वरीला प्रतिक्षाने सांगितलं. ती खालीच बसली, भिंतीला टेकून, आणि बोर्डाखाली बसून मोठ्याने रडली. गौरम्मा तिच्या डोक्यावर हात फिरवत होती आणि वॉर्डातल्या झाडून सगळ्यांना दुधनीला जेवायला बोलावत होती. मला म्हणाली, "तुमी पन यावा की बाई. लई वरडतासा, पन मन साफ हाय." ओरडते? या वयात माणसांना ऐकू कमी-जास्त येतं.

इंद्रजीतही आज आढावा घ्यायला आलेला. नव्या व्हर्जनमध्ये सिग्नल क्षीण झाला की यंत्र थांबून विचारणार म्हणे. जावई आता दुसऱ्या बाळाला जोडलाय, काल आलेल्या जुळ्यांपैकी धाकट्याला. इंद्रजीतने यंत्र सगळीकडून तपासलं, स्क्रू पाहिले, वायर पाहिल्या. मग मागच्या बाजूला, पंख्याच्या जाळीच्या वर, बोट टेकवून थांबला.

"मॅडम, हा काळा डाग कसला?"

मी वाकून पाहिलं. हरभऱ्याएवढा. एरंडेलाचा, चकचकीत. प्रतिक्षा अचानक औषधांच्या कपाटात काहीतरी शोधायला लागली.

यंत्राची पाठ बाळाच्या कातडीला लागत नाही. जंतुसंसर्गाचा प्रश्न येत नाही. प्रोबपासूनही ती जागा चांगली हातभर लांब आहे.

इंद्रजीतने खिशातून रुमाल काढला.

"असू दे," मी म्हटलं. "तुम्हाला हात लावायची गरज नाही."